ढेकूळ डोक्यावर घेऊन चाललेली शीव

आमच्या राजुरीत परत आल्यापासून जो तो विचारतो, "आबा, इस्रायलचं ठिबक कसं आहे?" ठिबक चांगलं आहे. ते सांगायला माझ्याबरोबर आलेले नारायणगावचे बागायतदार आहेत, त्यांनी फोटोही काढलेत. मला सांगायचंय ते शीव कशी हलते ते. ते कुणी विचारत नाही म्हणून लिहून काढतो. ज्याला नको त्यानं ठिबकाकडं जावं.

निघताना

ठिबक बघायच्या दौऱ्यात नाव थोरल्या लेकाचं होतं. त्यानं निघायच्या तोंडावर ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडून घेतला. मी म्हणालो, मी जातो. पासपोर्ट माझाही काढलेला होता, कधीतरी काशीच्या पलीकडं जाईन म्हणून. सून म्हणाली, "आबा, तिकडं इंग्रजी लागतं."

"टोमॅटोला लागतं का?" मी विचारलं. ती माझी बॅग भरायला लागली.

मी चौथीपर्यंत शिकलो. आम्ही धनगर. बापाच्या वेळेला दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला वर यायचं. आता द्राक्ष आहे, टोमॅटो आहे, मेंढरं हौसेपुरती. पण माझा डोळा मेंढक्याचाच. मी गेलो तेव्हा तिकडची ती मोठी लढाई पेटायची होती. सगळं शांत आहे असं आम्हाला घेऊन जाणारं दौऱ्याचं पोरगं सांगत होतं.

शांततेची चुणूक मुंबईच्या विमानतळावरच मिळाली. तिकडच्या विमानाची एक पोरगी बॅगा तपासत होती. तिनं दौऱ्याच्या पोराकरवी विचारलं, बॅग कुणी भरली? म्हणालो, सुनेनं. कुणी काही न्यायला दिलंय का? म्हणालो, "दिलंय की. शेजारणीनं शेंगदाण्याची चटणी, बहिणीनं लाडू, आणि चुलत्यानं एक पुडी, ती काय आहे मी बघितली न्हाई."

दौऱ्याच्या पोरानं कपाळाला हात लावला. मला बाजूला बसवलं. घोंगडं झटकलं, लाडू यंत्रातून काढले. पुडीत भंडारा निघाला, आमच्या खंडोबाचा. ती पिवळी पूड बघून चार जण गोळा झाले. मी चिमूटभर कपाळाला लावून दाखवली, तेव्हा सुटलो. नंतर पोरगं म्हणालं, "आबा, अशा वेळी कुणी काही दिलं न्हाई म्हणायचं." मी म्हणालो, "मंग शेजारणीला जाऊन काय सांगू, तुझी चटणी मी नाकारली?"

वाळूतली द्राक्षं

खोटं बोलणार नाही, त्या लोकांची शेती बघून मान खाली गेली. वाळू आहे, खाली पाणी खारट, आणि वर द्राक्षाचे घड आपल्यापेक्षा भारी. पाण्याच्या थेंबाला जावयासारखं वागवतात. मालक माझ्याच वयाचा होता, हात माझ्यासारखेच फुटलेले. त्यानं मला बाजूला घेऊन काकडी कापून दिली, वर मीठ, वर कसलं तेल. काकडीवर तेल ही गोष्ट मला पटली नाही, पण खाल्ली.

मी त्याला विचारलं, तुमच्या देशाची शीव कुठाय? आमच्यात शेंबड्या पोराला विचारा, राजुरीची शीव बोटानं दाखवील. त्यानं आधी दौऱ्याच्या पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "कुठल्या सालची?"

आमची मंडळी हसली. तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही.

बीरशेबा: पोह्यांचं ताट

बीरशेबा गावात मराठी बोलणारे यहुदी राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमची गाडी आलीय कळल्यावर त्यांनी मुक्कामाच्या जागी जेवण आणलं. ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर केळं आणि खजूर. मलिदा म्हणतात त्याला. गेल्या काही दिवसांत पहिल्यांदा पोटानं माझ्याशी भांडण केलं नाही.

वाढणारा म्हातारा म्हणजे एलियाभाऊ. बाप अलिबागेकडं तेलाचा घाणा चालवायचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं. एलियाभाऊ दहा-बारा वर्षांचा असताना ते इकडं आले. इथं त्यानं सारी हयात बस चालवली. माझं घोंगडं बघून तो थबकला.

"घाटावरचे धनगर ना तुम्ही? आमच्या शेतात मेंढरं बसवायला यायचे. रात्रभर बसली की शेताला खत. बाप त्यांना तांदूळ द्यायचा."

"आमचा बा यायचा तिकडं."

"मग तोच असेल. तुमच्यासारखाच पाहुणा होऊन मालकासारखा बसायचा."

तिथून आम्ही अरे-तुरेवर आलो. मी त्याला तोच प्रश्न घातला, शीव कुठाय. तो म्हणाला, "आबा, माझी बस तीच होती, रस्ता तोच होता. रस्त्याखालचा मुलूख बदलत गेला. एका लढाईनं कागदावर हिरवी रेघ ओढली. दुसऱ्या लढाईनं आमचं लष्कर ती ओलांडून पुढं गेलं. मग भिंत बांधली, ती रेघेवर नाय, बऱ्याच जागी रेघेच्या पलीकडं, त्यांच्या रानात. आणि आता टेकड्यांवर एकेक घर."

"भिंत कशाला?"

"पलीकडनं येऊन बॉम्बनं बसा उडवत होते. माझ्या डेपोतला एक गडी गेला. त्या दिवशी पाळी माझी होती, मी तापानं घरी पडलेलो." एवढं बोलून त्यानं माझ्या ताटात आणखी पोहे टाकले, मी नको म्हणत असताना.

मी ताट संपवलं आणि म्हणालो, "मला इकडची मेंढरं दाव."

भिंत व्हायच्या आधी गुरुवारच्या बाजाराला पलीकडचे मेंढके बीरशेब्यात यायचे. त्यातला एक अरब, अबू खलील, एलियाभाऊ त्याच्याकडून सणाला मेंढा घ्यायचा. तो अजून रेघेपलीकडं त्याच टेकडीवर राहतो. पण जायचं म्हटल्यावर एलियाभाऊ कां-कूं करायला लागला. दुसऱ्या दिवशी आमची मंडळी मृत समुद्रात जाणार होती, तिथं म्हणे माणूस नुसता तरंगतो. दौऱ्याचं पोरगं म्हणालं, आबा, तरंगायला चला. मी म्हणालो, मी जमिनीवर ठीक आहे. शेवटी एलियाभाऊ म्हणाला, "नेतो. पण मी गाडीतून उतरणार नाय. तू मेंढरं बघ, हात लाव, परत."

टेकडीवर

आपल्या आणे पठाराला उन्हाळ्यात बघा आणि त्यातली बाभळ काढून टाका, तसं रान. पांढरा खडक, टोचणारं पिवळं गवत. उतारावर एक काळा तंबू, शेजारी दगडी खोपटं. अबू खलील माझ्याहून थोडा धाकटा, डोक्याला पांढरं फडकं, चेहरा करपलेला. बायकोनं तव्यावरची पातळ रोटी आणली, मेंढीचं घट्ट दही आणि पाल्याचा चहा. आपल्या बाजरीच्या भाकरीची सर त्या रोटीला नाही, पण दही आपल्यापेक्षा सरस. हे मी कबूल करतो, आमच्या घरात कुणाला आवडो न आवडो.

त्यांच्या मेंढरांना शेपटीच्या जागी चरबीचं गाठोडं असतं. मी एका मेंढीच्या गाठोड्याखाली हात घालून वजन पाहिलं. अबू खलील काहीतरी बोलला. एलियाभाऊनं गाडीच्या खिडकीतून सांगितलं, "विचारतोय, हा म्हातारा घ्यायला आलाय का?"

"सांग, न्यायची सोय असती तर चार नेली असती."

"म्हणतो, ने. उद्या नायतर बाजारातच चालली आहेत. सगळी."

मेंढका सगळी मेंढरं विकतो म्हणजे काय, हे मला कुणी समजवायची गरज नाही. मी विचारलं का. त्यानं वर बोट केलं.

तंबूच्या वर, उताराच्या मध्यावर, त्याच्या आज्यानं खडकात खोदलेलं टाकं. लेण्याद्रीला डोंगरात पाण्याची टाकी आहेत ना, हुबेहूब तसं, तोंडाला दगड, पाणी पावसाचं. त्या डोंगरावर दुसरं पाणी नाही. गेल्या हिवाळ्यात टेकडीच्या माथ्यावर एक पोरगा आला, यहुदी, कळप घेऊन. आधी चाकांची खोली, मग झेंडा, मग दगडांना निळा-पांढरा रंग देऊन ओळ मांडली, म्हणाला ही माझी हद्द. ओळ माथ्यावर होती. महिन्या-दोन महिन्यांनी थोडी खाली. आमच्या शेजारचा गणपत दरसाल नांगराचं एक तास बांधात घालून हद्द पुढं सरकवतो, तसंच. फरक एवढाच, गणपतच्या खांद्याला बंदूक नाही, आणि मोजणीवाला आणला की तो निदान आठ दिवस लाजतो. मी म्हणालो, मोजणी आणा. अबू खलील म्हणाला, मोजणीवाला पण त्यांचाच आहे.

आता ओळ टाक्याच्या खाली आली होती. टँकरची वाट दगड लोटून बंद केलेली. अबू खलीलचा लेक गावात गवंडीकाम करतो, तो म्हणत होता, विका आणि गावात या. म्हाताऱ्यानं ठरवलं होतं, आज मेंढरं टाक्यावर न्यायची. पाणी मिळालं तर राहायचं, नाही मिळालं तर उद्या बाजार.

एवढ्यात तो पोरगा आपला कळप घेऊन ओळीपाशी येऊन उभा राहिला. विशीचा असेल. कानाशी लांब बटा, पायात फाटके सँडल, पाठीला बंदूक. मेंढरं नीट राखलेली होती, तेच मला जास्त झोंबलं. मेंढरू शीव ओलांडतं, रोज ओलांडतं, त्याला काय कळतंय. पण मेंढका बांधावर उभा राहून हाळी देतो, मालकाला विचारतो, रात्री बसतो आणि सकाळी लेंड्या ठेवून निघून जातो. आमच्या कैक पिढ्या परक्याच्या रानातून चालल्या, एक वीत रान कुणाचं घेतलं नाही. मेंढराच्या पायानं शीव ढकलणारा मेंढका मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

आणि मग मी एक उद्योग केला.

आमचा आजा सांगायचा, शिवेचं भांडण मिटत नसलं की पंच म्हणायचे, ज्याचा दावा आहे त्यानं अनवाणी, त्याच मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन शीव चालून दाखवावी. ढेकूळ म्हणजे भूमाता. खोटं चालला तर घराचं वाटोळं, असं लोक मानायचे. म्हणून खोटा माणूस ढेकूळ उचलायचाच नाही, पंचांसमोर त्याचे हात लटपटायचे. मी म्हणालो, "एलियाभाऊ, उतर खाली. त्या पोराला सांग."

"आबा, मी उतरणार नाय म्हणालो होतो."

"मंग तितनंच वरड."

पुटपुटत उतरला. मी वाट सोडून एक चांगलं ढेकूळ उचललं आणि पोरासमोर धरलं. एलियाभाऊनं त्याला सगळं सांगितलं. पोरगा आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, "माझा मोठा भाऊ खालच्या रस्त्यावर गोळी लागून मेला. टेकडी मोकळी ठेवली की असं होतं. आणि ही जमीन देवानं आम्हाला दिली, ग्रंथात लिहिलंय. आण तुझं ढेकूळ."

त्यानं सँडल काढले. ढेकूळ डोक्यावर ठेवलं, एका हातानं धरलं आणि चालायला लागला. हात लटपटला नाही. टाक्याला वळसा घालून खाली, रंगवलेल्या दगडांच्या खाली, आम्ही चहा प्यालो त्या चुलीच्याही पुढं, पार तंबूच्या दोरीपर्यंत. तिथं त्यानं ढेकूळ अलगद खाली ठेवलं, ओठ हलवले, आणि मला मान लववून वर निघून गेला. टिंगल नव्हती ती. त्यानं मनापासून केलं.

जे त्याला साधायला अजून वर्षभर लागलं असतं ते मी त्याच्या डोक्यावर ठेवून दिलं होतं.

मी अबू खलीलला म्हणालो, आता तू चाल. तुझं खरं आहे, तू चाल. तो ढेकळाकडं बघत राहिला. रागावला नाही. त्यापेक्षा रागावला असता तर बरं होतं. म्हणाला, "तुझ्या गावात खोट्या माणसाला आपण खोटे आहोत हे माहीत असतं. नशीबवान आहेस."

मग म्हणाला, "मी ही माती डोक्यावर कशाला घेऊ? मी हिच्यावर झोपतो." आणि जिभेनं टक् टक् आवाज काढला. गळ्यात घंटा बांधलेला बोकड पुढं झाला, मागं सगळा कळप, आणि तो निघाला टाक्याकडं. बायको बादली घेऊन मागं. रंगवलेले दगड त्या मेंढरांनी बघितलेसुद्धा नाहीत.

मी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मागं लागलो. एलियाभाऊ खालून ओरडत होता, "आबा, परत ये. हे आपलं काम नाय." मी म्हणालो, "आजवर दुसऱ्याच्याच रानात मेंढरं चारलीत मी. माझं काम कुठं असतं ते मला नको शिकवू."

वरच्या पोरानं फोन लावला. अबू खलील दोर सोडून पाणी शेंदायला लागला, दगडी कुंडीत ओतायला लागला. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढत होती. दोन-चार बादल्या झाल्या आणि जीप आली. लष्कराचा अधिकारी, वयानं माझ्या नातवाएवढा, हातात कागद. हा भाग बंद आहे, सगळ्यांनी खाली जा. अबू खलीलनं दोर सोडला नाही. एका शिपायानं त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेलं आणि दगडावर बसवलं. त्याच्या बायकोनं बादली छातीशी धरली. दोर टाक्याच्या तोंडावर तसाच पडला.

मी तो उचलणार तर माझ्या आधी एलियाभाऊनं उचलला. कधी वर आला ते मला कळलंच नाही. दम लागलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं बाईकडून बादली मागून घेतली, टाक्यात सोडली आणि शेंदायला लागला.

अधिकाऱ्यानं त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. एलियाभाऊनं वर न बघता उत्तर दिलं. काय बोलणं झालं ते मला नंतर गाडीत कळलं. अधिकारी म्हणाला होता, "आजोबा, तुम्ही आपले. तुम्ही इथं काय करताय?" आणि आमचा तेली म्हणाला, "पाणी काढतोय. बस चालवताना कधी कुणाला तहानलेलं स्टॉपवर सोडलं नाय."

मी टाक्याच्या तोंडाजवळ कुंडीला लागून बैठक मारली. अधिकारी माझ्याकडं आला, उठा म्हणाला. मी गुडघा दाखवला. त्यानं हात दिला, पोरगं संस्कारी होतं. मी हात धरून अर्धा उठलो, "आई गं" केलं आणि परत बसलो. तोवर एक बादली. त्यानं दोन्ही हात दिले. मी त्याला माझी काठी आणायला पाठवलं. तोवर आणखी एक. उठायचं नाही असं मी एकदाही म्हणालो नाही. उठायला म्हातारा माणूस किती वेळ लावू शकतो हे त्या लष्कराला शिकवलेलं नव्हतं.

त्या वरच्या पोराचीही मेंढरं पाण्याच्या वासानं धावत आली आणि कुंडीत तोंडं घालायला लागली. तो हाका मारत होता, ती कशाला ऐकतात. एलियाभाऊनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पाज. त्यांनी कुणाचं काय घेतलंय?"

शेवटच्या मेंढीनं तोंड वर केलं, मिशांवरून पाणी गळत होतं, तेव्हा माझा गुडघा बरा झाला.

खाली आलो तर दोरीपाशी ठेवलेलं ते ढेकूळ दिसेना. अबू खलीलच्या बायकोनं आमच्या आधी उतरून ते पाण्यात कालवून चुलीची चीर लिंपून टाकली होती. निघताना अबू खलीलनं माझा खांदा दाबला. म्हणाला, उद्या बाजाराला नाही जात. परवाचं परवा बघू. मी घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. आमच्यात घोंगडं असं कुणाला देत नाहीत. दिलं.

राजुरी

मी परत आलो, आणि पुढं ती लढाई पेटली ती तुम्ही टीव्हीवर पाहिलीच. आधी गाझातून आलेल्यांनी इस्रायलची माणसं घरात घुसून मारली, मग इस्रायलनं गाझातली घरंच्या घरं पोरांसकट. इथं पारावर दोन तट पडले. एक म्हणतो यांचं बरोबर, दुसरा म्हणतो त्यांचं. मी म्हणालो, तुम्ही दोघंही ढेकूळ डोक्यावर घेऊन चालाल, मला तुमचा काही उपयोग नाही. माणूस मारणारा कुणाचाही असो, तो माझा नाही. आणि बांध कोरणारा गणपत असो नाहीतर ग्रंथवाला, त्याला मी बांध कोरणाराच म्हणणार. त्या पोराचा भाऊ मेला याचं मला वाईट वाटतं. त्यानं टाकं त्याचं होत नाही.

एलियाभाऊचा फोन बरेच दिवस लागला नाही. लागला तेव्हा आवाज बारीक झाला होता. सायरन वाजला की जिना उतरायला त्रास होतो म्हणाला. नातू लष्करात गेलाय म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेंढरं?"

"दगडांची ओळ तंबूच्या पार खाली आली, आबा. आता तिथं बरीच पोरं आहेत. एका रात्री येऊन तंबू फाडला."

"गेला मंग तो गावात?"

"नाय. खाली नाय गेला. तंबू उचलला आणि वर नेला. टाक्याच्या तोंडाशी ठोकलाय. त्यांनी पाडला की परत उभा करतो. तुझं घोंगडं दारावर टाकलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग मी म्हणालो, "आणि मेंढरं? ती पाजतो कोण? वाट तर बंद असंल."

"वाट बंद आहे. मी रस्त्यावर गाडी ठेवतो आणि चढून जातो, गुरुवारी. आमच्यातले आणखी दोघं म्हातारे येतात आता. ती पोरं ओरडतात आमच्यावर, थुंकतात. थुंकू देत." तो खोकला. "तिथला दोर पार झिजला होता, आबा. मी नवा घेऊन गेलो."